बगळ्याची मान

मुलांना कोणत्याही प्रकारे मदत करणार नाही, असं शपथपत्र करायला भय्यासाहेब पागनीस कोठीवर, कोर्टकचेरीच्या आवारात, गेले, तेव्हा तिथल्या नोटरीने तो मजकूर दोनदा वाचला. त्याच्याकडे येणारी माणसं मुलांना सांभाळीन, शिकवीन, त्यांच्या वाट्याचं त्यांना देईन, असं लिहून द्यायला येत. मदत करणार नाही म्हणून शपथ घेणारा हा पहिलाच. चष्म्याच्या वरून पाहत त्याने हळूच विचारलं, "बाबूजी, घर में कुछ खटपट हो गई क्या?" खटपट नाही, स्पर्धा आहे, असं भय्यासाहेबांनी सांगितलं. दोन्ही एकच, अशा चेहऱ्याने नोटरीने शिक्का मारला.

स्पर्धा भोपाळला होती. शाळेच्या पत्रकात तिचं नाव बरंच लांबलचक होतं, पण सार एवढंच की मुलांना एक अडचण द्यायची आणि ती त्यांनी आपल्या डोक्याने सोडवून, वर नाटुकलं करून दाखवायची. यंदाची अडचण अशी होती: नाल्याच्या मधोमध पाण्याने भरलेलं भांडं आहे, नाल्यात पाय न घालता ते काठावर आणा. माधव नगरातल्या शाळेच्या पाच मुलांनी यासाठी बांबूचा एक भलाथोरला बगळा केला होता. काठावर उभा राहून तो मान लांब करायचा, चोचीने भांडं उचलायचा आणि अलीकडे आणून ठेवायचा. चमूची पुढारी होती मधुरा, इयत्ता आठवी, भय्यासाहेबांची नात.

नियम पुष्कळ होते, पण पहिला नियम सगळ्यांचा बाप होता. जे काही होईल ते मुलांच्या डोक्यातून आणि हातातून व्हायला हवं. मोठ्या माणसाने खिळा ठोकला, दोरी ओढली, सूचना केली, फार काय, चुकीच्या वेळी "अरेरे" म्हटलं, तरी ती बाहेरची मदत ठरणार आणि चमू बाद होणार. मुलांबरोबर जायचे ते खेळाचे सर मतदार यादीच्या कामावर गेले, बाकी पालकांना रजा नव्हती, म्हणून स्पर्धेचं काम बघणाऱ्या विनोदिनी मॅडमनी आपल्याबरोबर सोबतीला येण्याबद्दल भय्यासाहेबांना विचारलं. भय्यासाहेबांनी होकार दिला आणि मग नियम वाचले. हा त्यांचा जुना क्रम होता.

आता यातली खरी अडचण अशी की भय्यासाहेब जलसंसाधन विभागातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. नाला ओलांडणे हा त्यांच्या आयुष्याचा विषय. आसपासच्या कितीतरी नाल्यांवर त्यांच्या सहीचे पूल आजही उभे आहेत, आणि जे उभे नाहीत ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, ठेकेदारामुळे. निवृत्तीनंतर मात्र त्यांना सल्ला विचारणारं कोणी उरलं नव्हतं. घरातला नळ गळला तरी जयूताई परस्पर नळवाल्याला बोलावत आणि तो येऊन जाईपर्यंत नवऱ्याला फिरायला पाठवत. अशा माणसासमोर नाला, भार आणि तोल यांचा जिवंत प्रश्न यावा आणि त्याच वेळी त्याच्या तोंडाला शिक्का लागावा, ही परीक्षाच होती.

बगळा त्यांनी पहिल्यांदा शाळेच्या अंगणात पाहिला आणि एका नजरेत त्यांना त्याचा दोष कळला. मान फार लांब होती आणि पाय फार जवळजवळ. सरावात मुलं प्लॅस्टिकचा मग उचलत होती, म्हणून सगळं झोकात चाललं होतं. पण खरं भांडं स्पर्धेच्या ठिकाणी मिळणार होतं आणि ते केवढं असेल, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जरा वजनदार निघालं तर बगळा नाकावर आपटणार, हे भय्यासाहेबांना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं. विनोदिनी मॅडमनी बोट वर केलं. त्यांनी तोंड मिटलं.

त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. समोरचे प्रकाशजी सोनी संध्याकाळी फाटकाशी आले, तेव्हा त्यांनी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. प्रकाशजी डाक विभागातून निवृत्त झालेले आणि सल्ल्याच्या बाबतीत त्यांच्यावर कसलाही नियम नव्हता. आधी त्यांनी चिंतामण गणपतीला नारळ सुचवला. मग बगळ्याच्या पायाशी गुपचूप विटा बांधायला सांगितलं. शेवटी म्हणाले, "भिया, सीधे मत बोलो. किस्सा सुनाओ. किस्से पे कोई रोक थोड़ी है." हे भय्यासाहेबांना पटलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सहज आठवल्यासारखा एका पुलाचा किस्सा काढला. त्या पुलाचा पाया अरुंद होता, हात लांब होता, आणि एके दिवशी वरून जड गाडी गेली. पुढे काय झालं हे ते सांगणार, एवढ्यात मधुराने दोन्ही कानांत बोटं घातली आणि उरलेली पोळी तशीच टाकून उठली. पोर एवढ्यावर थांबली नाही. सकाळी शाळेत जाऊन तिने स्वतःच मॅडमना विचारलं की आजोबांनी पुलाची गोष्ट सांगितली तर ती मदत धरतात का. दुपारी भय्यासाहेबांना शाळेतून बोलावणं आलं. ज्या खात्यात त्यांनी कधी कारणे दाखवा नोटीस घेतली नव्हती, त्या खात्यातून मानाने निवृत्त झालेले भय्यासाहेब, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, गृहपाठ न केलेल्या दोन मुलांच्या शेजारी बाकावर बसले. गोष्ट अर्धीच झाली होती आणि मधुराला तिचा अर्थ लागला नव्हता, म्हणून या वेळी सोडण्यात आलं. पण तेव्हाच ठरलं की सोबत येणाऱ्याकडून शपथपत्र घ्यावं. कोठीची फेरी पडली ती यामुळे.

जायच्या दिवशी सगळे सकाळी देवास गेटच्या बसस्थानकावर जमले. बगळ्याचे पाय आणि धड सुटं करता येत होतं, मान मात्र एकाच लांब बांबूची होती आणि ती चोचीसकट पांढऱ्या कापडात गुंडाळली होती. कंडक्टरने गुंडाळीकडे, मग बाहेर डोकावणाऱ्या चोचीकडे पाहिलं आणि फर्मावलं, "ये ऊंट छत पे जाएगा." विहंगने, ज्याच्याकडे बगळ्याच्या दोऱ्यांचं काम होतं, हा उंट नसून बगळा आहे असं नम्रपणे सांगितलं. कंडक्टर म्हणाला, बगुला है तो उड़ा के ले जाओ. टपावर मान मोडेल म्हणून मुलं रडकुंडीला आली. भय्यासाहेब पुढे झाले. इथे नियम आड येत नव्हता, कारण कंडक्टरशी भांडणे हा अडचणीचा भाग नव्हता; त्यांनी मॅडमना तसं आधी विचारून घेतलं. मग त्यांनी आपलं जुनं पद सांगितलं. कंडक्टरवर त्याचा काही परिणाम झाला नाही. शेवटी विनोदिनी मॅडमनी, माझ्या मुलांचा बगळा आत येणार नसेल तर मीही उतरत नाही आणि गाडीही हलत नाही, असं दारात उभं राहून सांगितलं. तेव्हा मानेला सगळ्यात मागच्या लांब सीटवर जागा मिळाली. तिच्या राखणीला तिथेच कोपऱ्यात भय्यासाहेब बसले.

देवास गेलं, सोनकच्छ गेलं. वाटेत प्रत्येक नव्या प्रवाशाने मागे येऊन कापडाखाली काय आहे ते विचारलं. कोणी सारस म्हणालं, कोणी बदक. एका म्हाताऱ्या बाईंनी कोणाची मयत समजून हात जोडले. भय्यासाहेब सगळ्यांना तेच उत्तर देत होते आणि उत्तर देताना त्यांची नजर पुनःपुन्हा त्या मानेवर जाऊन ठरत होती. फार लांब आहे, फारच लांब आहे, असं ते मनात म्हणत होते. मनात म्हणायला बंदी नव्हती.

आष्ट्याला गाडी चहाला थांबली. भय्यासाहेबांनी बिनसाखरेचा चहा घेतला, पाय मोकळे केले आणि परत गाडीत चढले. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी होती. ते चाचपडत मागे पोचले, तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी एकदम सोडली आणि ते बसले. कोपऱ्यात नाही, मध्ये.

आवाज सगळ्या गाडीने ऐकला.

पाच मुलं मागे वळली. भय्यासाहेब उठले, तेव्हा त्यांच्याखाली कापडातली मान वाकलेली दिसत होती. बगळ्याचा आवाज काढणारा रुचिर सीटवरून उडी मारून मागे आला. मधुराने कापड सोडून पाहिलं. बांबू मधोमध चिरफळून तुटला होता. भय्यासाहेबांनी सवयीने हात पुढे केला, तर ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, हात लावू नका. बाद होऊ."

आता ही परिस्थिती नियमावलीने नीट विचारात घेतलेली नव्हती. मोठ्या माणसाने जोडायचं नाही, हे ठिकठिकाणी लिहिलं होतं. मोठ्या माणसाने मोडायचं नाही, असं कुठेच नव्हतं. विनोदिनी मॅडमनी पुस्तिका चाळून असा निर्णय दिला की मोडणं ही मदत नव्हे, त्यामुळे चमू अजून स्पर्धेत आहे. भय्यासाहेबांनी मात्र यापुढे उभ्यानेच यावं. ते दांड्याला धरून उभे राहिले आणि मुलं मागच्या सीटभोवती जमली.

पुढचा तासभर त्यांना जन्मभर लक्षात राहील असा गेला. चिरफळलेला बांबू कसा जोडावा याचे चार प्रकार त्यांना येत होते आणि मुलं एकेक करत चारही चुकीच्या बाजूने शोधत होती. आधी त्यांनी टोकं टोकांना बांधून पाहिली. ती लुळी पडली. मग चमूतल्या अपूर्वाने आपल्या ओढणीचे काठ फाडून गुंडाळले; ते घसरले. भय्यासाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर एकामागून एक पूल जात होते. शेवटी विहंग म्हणाला की टोकाला टोक नको, दोन तुकडे एकावर एक ठेवू, मान आखूड होईल पण घट्ट बसेल. भय्यासाहेबांनी श्वास रोखला. मधुराने विचार केला, होकार दिला, आणि मग म्हणाली की दोरीने भागणार नाही, चामड्याचं काहीतरी पाहिजे. तिची नजर गाडीभर फिरली आणि आजोबांच्या कमरेवर येऊन थांबली.

"आजोबा, पट्टा."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी क्षणभर विचार करून मान डोलावली: मुलाने स्वतःहून मागितलं आहे, द्यायला हरकत नाही, पण देताना बोलायचं नाही. त्यांनी पट्टा काढून दिला. मधुमेहाचं पथ्य सुरू झाल्यापासून ते बरेच उतरले होते आणि विजार जुन्या मापाची होती. त्या घटकेपासून त्यांचा एक हात कायम कमरेवर राहिला. भोपाळच्या बसस्थानकावर उतरताना, रिक्षात बसताना, सभागृहाच्या पायऱ्या चढताना, तो हात तिथेच होता. लोकांना वाटलं, पाठीचं दुखणं असेल.

सभागृहात जमिनीवर खडूने नाला आखला होता आणि मधोमध ते भांडं ठेवलं होतं. भय्यासाहेबांनी ते पाहिलं आणि खुर्चीचा हात धरला. ती पितळेची कळशी होती, गळ्यापर्यंत भरलेली.

त्यांच्या आधीच्या चमूने लोखंडी नळ्यांची सुंदर यारी, म्हणजे क्रेनच, आणली होती. तिने हात लांब केला, कळशी आकड्यात अडकवली, जराशी उचलली, आणि सगळी यारी सावकाश, एखादा म्हातारा नमस्काराला वाकावा तशी, नाल्यात वाकली. पाणी परीक्षकांच्या चपलांपर्यंत गेलं. भय्यासाहेबांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात मांडणी केली: कळशीचं वजन, जुन्या मानेची लांबी, पायांतलं अंतर. उत्तर तेच येत होतं. मग त्यांनी नव्या मानेची लांबी घातली आणि पुन्हा मांडली. या वेळी उत्तर वेगळं आलं. त्यांनी ते तपासलं. ते पुन्हा तेच आलं. तोलात जेमतेम, पण तोलात.

म्हणजे जे सांगण्यासाठी त्यांचा इतके दिवस जीव जात होता, ते त्यांनी शेवटी केलं होतं. तोंडाने नाही, एवढंच.

मान आखूड झाल्यामुळे मुलांनी बगळा अगदी खडूच्या रेघेवर आणून उभा केला. रुचिरने बगळ्याच्या आवाजात नाल्याला चार शब्द सुनावले, लोक हसले, विहंगने दोरी ओढली. मान खाली गेली, चोच कळशीच्या गळ्यात अडकली, बगळा पुढे झुकला, पट्टा करकरला. मग मान वर आली आणि तिच्याबरोबर कळशीही. थोडं पाणी सांडलं. कळशी काठावर टेकली तेव्हा सभागृह उभं राहिलं. भय्यासाहेबही उभे राहिले. टाळ्या वाजवायला त्यांच्याकडे एकच हात होता. तो त्यांनी मांडीवर आपटला.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. परीक्षक बाई भल्या होत्या, पण चौकस. त्यांनी मानेकडे बोट करून विचारलं की ही जोड मुळातच अशी होती का. मधुराने उभं राहून सांगितलं की नव्हती, वाटेत आजोबा मानेवर बसले. सभागृहात खसखस पिकली. बाईंनी भय्यासाहेबांकडे पाहिलं, त्यांनी कमरेवरचा हात न सोडता नमस्कार केल्यासारखं केलं.

"तो नानाजी ने कुछ मदद की?" बाईंनी विचारलं.

"नहीं मैडम," मधुरा म्हणाली. "सिर्फ़ नुकसान किया."

आता खसखशीचा गडगडाट झाला. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. भय्यासाहेब ताठ बसून राहिले. शपथपत्राप्रमाणे हे उत्तर बरोबर होतं. अभियांत्रिकीप्रमाणे नव्हतं.

निकालात त्यांचा दुसरा नंबर आला. पहिला आलेल्या चमूने पाणी अधिक लांबून उचललं होतं आणि लांबीचे गुण वेगळे होते. ढाल घ्यायला मुलं मंचावर गेली, तर सोबतच्या वडीलधाऱ्यांनीही यावं असा आग्रह झाला. एक हात ढालीला आणि एक हात कमरेला, असा भय्यासाहेबांचा फोटो निघाला.

परतीच्या गाडीत बगळा टपावर गेला. आता तो मोडला तरी चालणार होता. पट्टा परत मिळाला होता, पण चिरला होता. मुलं एकमेकांना दिवसभराची हकिकत अशी सांगत होती जशी ती त्यांच्यापैकी कोणी पाहिलीच नव्हती. विहंगने बांबू एकावर एक ठेवण्याची युक्ती कशी सुचली हे तीनदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी ती जास्त अवघड होत गेली. सीहोर मागे पडलं तेव्हा मधुरा उठून आजोबांजवळ येऊन बसली.

स्पर्धा संपली आहे, आता मदत धरणार नाहीत, असं तिने आधी बजावलं. मग विचारलं, "आजोबा, खरं सांगा. मान मोडली नसती तर काय झालं असतं?"

पुढच्या सीटवरची चारही मुलं मागे वळली. कितीतरी वर्षांत भय्यासाहेबांना कोणी असं, उत्तराची वाट बघत, काही विचारलं नव्हतं. आणि उत्तर तयार होतं. कळशीचं वजन, मानेची लांबी, पायांतलं अंतर, सगळं ओळीने. तीन वाक्यांत सांगता आलं असतं, चौथ्यात ती यारी कशी पडली तेही. त्यांनी तोंड उघडलं आणि विहंगचा चेहरा त्यांना दिसला. तो अजून त्या युक्तीच्याच आनंदात होता.

"पहिला नंबर आला असता," भय्यासाहेब म्हणाले.

मग विहंग म्हणाला, मला वाटतच होतं. अपूर्वा म्हणाली, लांबीचे गुण तर नक्कीच मिळाले असते. मधुराने आजोबांकडे एकदा पाहिलं, उठली आणि आपल्या जागी जाऊन बसली. देवास गेट येईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. मॅडम तेवढ्या म्हणाल्या की असू द्या, बांबूच कच्चा असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माधव नगरात पसरलं की पागनीस आजोबा पोरांच्या पहिल्या नंबरावर बसले. भाजीवालीने त्यांना भेंडी देताना हळहळ व्यक्त केली. प्रकाशजी फाटकाशी आले आणि त्यांनी सल्ला दिला की दिवाळीपर्यंत शाळेच्या बाजूने फिरायला जाऊ नका, लोग भूल जाते हैं. जेवताना जयूताईंनी वाढता वाढता नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अहो, खरंच पहिला आला असता?"

"भाजीत मीठ कमी आहे," भय्यासाहेब म्हणाले.

मीठ बरोबर होतं. इतक्या वर्षांच्या संसारात जयूताईंना कुठल्या उत्तराचा कोणता अर्थ, हे कळत होतं. त्यांनी मिठाची वाटी पुढे सरकवली आणि पानात एक पोळी जास्त वाढली.

मधुराचा रुसवा आठवडाभर टिकला. ती येता-जाता नमस्कार करायची, पण बसायची नाही. मग एके दुपारी शाळेतून आली ती दप्तर न ठेवताच त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. मॅडम पुढच्या वर्षीची तयारी आतापासूनच करतायत, सोबत कोण येणार ते प्रत्येकाने घरी विचारून यायचंय, असं तिने सांगितलं. भय्यासाहेबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. तुझ्या बाबांना विचार, असं ते म्हणणार होते.

"मी तुमचं नाव देऊन आलेय," ती म्हणाली. "पण तुम्ही पुढच्या सीटवर बसायचं. ड्रायव्हरच्या पाठीमागे."